बाकीचे चार दिवस

माझ्या दोन्ही किडन्या गेल्या, आणि महिनाभरात लोकांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. येत सगळे होते. कॉलनीतल्या बायका, विहारात वंदनेला भेटणाऱ्या, नवऱ्याच्या ऑफिसातले. माझ्यासमोर बसून चहा घेत आणि प्रश्न मात्र नवऱ्याला विचारत. "जेवतात का त्या? झोप लागते का त्यांना?" मी हातभर अंतरावर. एकदा मीच म्हटलं, "लागते की झोप," तर विचारणारी बाई दचकली. भिंत बोलल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली.

त्याआधी मी चौदा वर्षं नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. इंजिनात बसणाऱ्या लोखंडी रिंगा मापून बघायच्या, केसापेक्षा बारीक फरक असला तरी बाजूला काढायच्या, हे माझं काम. ब्लडप्रेशर होतं, गोळी कधी घ्यायची, कधी राहायची. पाय सुजायचे, तर मला वाटायचं उभं राहून सुजतात. मग उलट्या सुरू झाल्या, तोंडाला लोखंडासारखी चव यायला लागली, आणि रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय. नवऱ्याची किडनी जुळत नव्हती. मुलगी द्यायला तयार होती, एकोणीस वर्षांची. मी नाही म्हटलं, आणि त्यावर पुन्हा बोलायचं नाही असंही सांगितलं. नाव यादीत घातलं. ते अजून यादीतच आहे.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठला डायलिसिस. डाव्या हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडून ऑपरेशनने एक फुगीर शीर तयार केलेली असते, तिला फिस्टुला म्हणतात. त्यात दोन जाड सुया. एकीतून रक्त मशीनमध्ये जातं, दुसरीतून साफ होऊन परत येतं. चार तास. लघवी जवळजवळ बंद, त्यामुळे पाणी मोजून प्यायचं, चहा-आमटीसुद्धा त्यातच धरायची. केळी नाहीत, नारळपाणी नाही, भाजी उकळून ते पाणी ओतून द्यायचं. एवढं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाकीचं घरच्यांनी वाढवलं.

सासूबाईंनी हातातलं लाटणं काढून घेतलं. मुलगी माझा फोन स्वतःकडे ठेवायला लागली, मला टेन्शन येऊ नये म्हणून. दळण, बाजार, गॅसचा नंबर लावणं, सगळं माझ्या डोक्यावरून परस्पर व्हायला लागलं. कारखान्यात बिनपगारी रजेचा अर्ज नवऱ्याने नेऊन दिला. त्यावर सही माझी होती, पण मी तो वाचलाही नव्हता. कुणी वाईट वागत नव्हतं, हीच अडचण होती. वाईट वागलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि खालच्या नळावर कोण आलं, कोण गेलं ते बघायचे. दोन-दोन दिवस केस विंचरायचे नाहीत. विंचरायचे तरी कशाला, असं वाटायचं.

एप्रिलमध्ये एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी उठले, माठाजवळ गेले आणि तांब्याभर पाणी प्यायले. मग दुसरा तांब्या. तहान होतीच, ती चोवीस तास असायची. पण खरं सांगायचं तर मला बघायचं होतं, अजून आपल्या हातात काही आहे का. संध्याकाळपर्यंत श्वास लागायला लागला. आडवं पडलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. नवऱ्याने रिक्षाने दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, तातडीने डायलिसिस केलं. दुसऱ्या दिवशी माठ सासूबाईंच्या खोलीत गेला.

पुढच्या वेळी सगळे मला रागावले. टेक्निशियनने वजनाचा आकडा मोठ्याने वाचला. डॉक्टर म्हणाले, "असं का केलंत?" आणि उत्तर ऐकायच्या आत पुढच्या बेडकडे गेले.

शेजारच्या बेडवर देवळाली कॅम्पचे एक निवृत्त सुभेदार असायचे. मूळचे साताऱ्याकडचे, सत्तरीला टेकलेले. आयुष्य तोफखान्यात गेलेलं, त्यामुळे एका कानाने ऐकू यायचं नाही आणि आवाज मैदानावरचा. डायलिसिसला येताना ते गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. पॉलिश केलेले बूट बेडखाली जोडून ठेवायचे. मला ते सगळं जरा जास्तच वाटायचं. कुठे परेडला जायचं आहे?

डॉक्टर लांब गेल्यावर त्यांनी विचारलं, "किती प्यायलात?"

"दोन तांबे."

"फ्रिजचं?"

"माठातलं."

"मजा आली?"

कितीतरी दिवसांनी मला हसू आलं. "आली," मी म्हटलं.

"ठीक. पुन्हा करू नका. दुसऱ्या खेपेला गाडी वेळेवर मिळेलच असं नाही." त्यांनी ऐकू येणारा कान माझ्याकडे वळवला. मग म्हणाले, "ताई, तुम्ही नोकरी करायचा ना? सोडली?"

"रजेवर आहे."

"किती दिवस?"

"अर्ज नवऱ्याने दिलाय."

"डॉक्टर बोलला का, नोकरी सोडा म्हणून?"

"नाही."

"मग कोण बोललं?"

मी आठवून बघितलं. तसं कुणीच बोललं नव्हतं. सगळ्यांनी ते गृहीत धरलं होतं, आणि सगळ्यांत आधी मी.

"आठवड्याचे तीन दिवस मशीनला दिले," ते म्हणाले, "ते द्यावेच लागतात. बाकीचे चार कुणाला दिलेत?"

मला त्यांचा राग आला. म्हाताऱ्याला काय जातंय बोलायला, पेन्शन आहे, उपचाराचा खर्च सैन्याकडून मिळतो, असं मनात म्हणत घरी आले. दुसरा दिवसही त्या रागातच गेला. पण राग आल्यामुळे एक झालं, सकाळी उठून मी केस विंचरले.

त्यापुढच्या मंगळवारी घरात कुणाला न सांगता मी रिक्षा करून अंबडला गेले. गेटवरच्या वॉचमनने ओळखलं. पर्सोनेलचे साहेब चांगले होते. त्यांनी पंखा माझ्याकडे फिरवला, पाणी मागवलं, मग पाणी चालत नाही हे आठवून परत पाठवलं.

"ताई, तुम्ही आराम करा. तुमची जागा कुठे जात नाही."

"साहेब, माझ्या टेबलावर दुसरी बाई बसलीय. आत्ताच बघून आले."

ते जरा ओशाळले. "तसं नाही हो. पण इथे उद्या तुम्हाला काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"व्हायचं ते होऊन गेलंय, साहेब. आता काय होणार आहे?"

पहिल्या खेपेला त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं. दुसऱ्या खेपेला ते मीटिंगमध्ये होते. तिसऱ्या खेपेला मी डॉक्टरांचं पत्र घेऊन गेले. त्यात लिहिलं होतं, बसून काम करता येईल, डाव्या हाताने जड उचलू नये. डॉक्टरांनी पत्र देताना चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे तुम्ही आधी का नाही मागितलं?" मी म्हटलं, "मागता येतं हेच माहीत नव्हतं." चौथ्या खेपेला युनियनचा माणूस बरोबर नेला. अखेर ठरलं, मंगळवार, गुरुवार, शनिवार कामावर यायचं, पगार तेवढ्याच दिवसांचा. मला चालणार होतं.

घरात मात्र चाललं नाही. नवरा म्हणाला, "लोक म्हणतील, आजारी बायकोला कामाला पाठवतो."

"त्यांना सांगा, ती ऐकत नाही."

"आणि वाटेत चक्कर आली तर?"

"तर खाली बसेन."

तो उठून गॅलरीत गेला. त्याला भीती वाटत होती, हे मला दिसत होतं. पण त्याची भीती सांभाळायची म्हणून मी घरात बसून राहायचं, हा हिशेब मला पटत नव्हता, आणि तसं मी त्याला सांगितलं. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. इतकं स्पष्ट मी त्याच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन.

कामाचे पहिले दिवस सोपे गेले नाहीत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी यायची, रिंग मापताना बोटं थरथरायची. जेवायला बसलो तेव्हा नवीन आलेली एक मुलगी हळूच सरकून बसली. मी विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "नाही, ते लागतं का काय, माहीत नाही ना." मी माझा डबा मधोमध सरकवला आणि म्हटलं, "हा आजार लागत नाही. आमची उकळलेली भाजी खाऊन बघ, तुला बेचव लागेल, एवढंच." सगळ्या हसल्या. तिने घास घेतला आणि खरंच तोंड वाकडं केलं. तिथून पुढे मी पुन्हा त्यांच्यातली झाले. घरी परतले की अंग मोडून यायचं, पण ती दमणूक ओळखीची होती. गॅलरीत बसून यायची ती वेगळी.

दिवाळीनंतर डायलिसिसला समोरच्या बेडवर एक मुलगी यायला लागली. चांदवडची, पंचवीस-सव्वीस वर्षांची, लग्न होऊन चार वर्षं झालेली. पहाटेच्या एसटीने एकटीच यायची. अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस. सुई टोचताना बाही वर करायची, सुई निघाली की पट्टी घट्ट बांधून लगेच खाली ओढायची. आठवडाभर ती कुणाशी बोलली नाही. मग एकदा तिच्या पिशवीतून शिंप्याची टेप आणि अर्धं शिवलेलं झबलं बाहेर पडलं. मी विचारलं, "कुणासाठी शिवतेस?"

ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "कुणासाठी नाय ताई. गावात सांगितलंय, मी नाशकाला शिवणक्लासला जाते. म्हणून ते पिशवीत ठेवायचं."

तिच्या नणंदेचं लग्न जमत आलं होतं. घरात सून आजारी आहे, आणि आजार असा, हे कळलं तर स्थळ हातचं जाईल, अशी सासूला धास्ती. म्हणून कुणाला कळू द्यायचं नाही. पाहुण्यांच्या घरी जेवायला बसलं की वाढलेलं सगळं खायचं, पाणी पुढे केलं की प्यायचं, थकवा आला तरी पदर खोचून वाढायचं. "मला शिवता येतच नाय," ती म्हणाली. "परवा शेजारणीनं ब्लाऊज शिवायला दिलं. आता काय करू?" आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. ते ब्लाऊज आमच्या वॉर्डातल्या सिस्टरने घरी नेऊन शिवून आणलं.

मी तिला बारक्या गोष्टी शिकवल्या. पाणी पिण्यापेक्षा बर्फाचा खडा तोंडात धरावा. सकाळीच दिवसभराचं पाणी बाटलीत भरून ठेवावं, म्हणजे अंदाज राहतो. सुभेदार तिला बेटा म्हणायचे. ती आत आली की ओरडायचे, "मान वर! चोरी केलीय का काय?" ती लाजायची, पण हळूहळू तिची मान खरंच वर यायला लागली.

फेब्रुवारीत एका बुधवारी ती आली नाही. सिस्टरने फोन केला तर सासूने उचलला. म्हणाली, ती माहेरी गेलीय, तिकडेच करून घेईल. सिस्टरने फोन ठेवला आणि मला आणि सुभेदारांना ते सांगितलं. तिला आईवडील नव्हते. एक भाऊ होता, आणि तो दोन वर्षांपासून तिला दारात उभं करत नव्हता, हे तिनेच सांगितलं होतं. शुक्रवारीही ती आली नाही. सिस्टरने पुन्हा फोन लावला, तो कुणी उचलला नाही. म्हणजे सोमवारनंतर तिचं रक्त साफ झालेलं नव्हतं. त्याचा अर्थ काय, हे आमच्याइतकं कुणाला कळणार?

"उद्या मी चांदवडला जातो," सुभेदार म्हणाले.

"मीही येते."

"तुमची नोकरी?"

मी कारखान्यात फोन करून बरं नाही असं कळवलं. या आजाराचा मला झालेला तो पहिला उपयोग.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, तूच आजारी, आणि तू कुणाला बघायला निघालीस?" सकाळी नवऱ्याने माझी अर्ध्या लिटरची बाटली भरून पिशवीत ठेवली आणि स्कूटरवर बसस्टँडला सोडलं. सुभेदार आधीच येऊन उभे होते, कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. नवऱ्याने त्यांना वाकून नमस्कार केला. मला ते अपेक्षित नव्हतं.

आम्ही चांदवडची एसटी पकडली. पिंपळगाव गेल्यावर सुभेदार म्हणाले, "घरचे आत घेतील का?" मी म्हटलं, "नाही घेतलं तर दारात बसू." ते म्हणाले, "बसू. वेळ भरपूर आहे. सोमवारपर्यंत मोकळाच आहे मी."

बाजार समितीच्या पुढे पिठाच्या गिरणीमागे घर, एवढं तिच्या बोलण्यातून मला माहीत होतं. गिरणीवाल्याने बोट दाखवलं. पत्र्याचं ऐसपैस घर, एका बाजूला कांदा साठवायची चाळ. अंगणात मांडव घालायचं काम चाललं होतं. दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता.

सासू ओट्यावर गहू निवडत होती. सुनेचं नाव काढताच तिचे हात थांबले. "ती माहेरी गेलीये."

सुभेदारांनी दाराबाहेरच्या चपलांकडे बघितलं. निळ्या पट्ट्याच्या चपला, वॉर्डाबाहेर आम्ही आठवड्यातून तीनदा बघायचो त्या. "अनवाणी गेली का?" त्यांनी विचारलं.

मी परवानगीची वाट बघितली नाही. सरळ आत गेले. मागच्या खोलीत ती भिंतीला टेकून बसली होती. झोपता येत नव्हतं म्हणून बसली होती. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले, श्वासाबरोबर खांदे वरखाली होत होते. मला बघून तिने हात पुढे केला, बोलायला दम नव्हता. मी तिच्याजवळ बसले. माझा आवाज मोठा निघाला. सासू मागोमाग आत आली होती.

"हिला आत्ता नाशिकला न्यायचंय."

"उद्या पाव्हणे येणार हायेत. दोन दिस थांबलं तर काय व्हतं? परवा नेतोच की आम्ही."

"परवा ही नसेल."

"असं अशुभ बोलू नका घरात."

"मी खरं तेच बोलतेय. मी स्वतः त्याच मशीनवर जगते." मी बाही वर केली, सासूचा हात धरला आणि माझ्या फिस्टुलावर ठेवला. आत रक्त धावत असतं, ती थरथर हाताला लागते, धान्य भरताना पोतं थरथरतं तशी. बाईने हात मागे ओढला, पण मी सोडला नाही. "हे थांबलं की मी गेले. हिचंही असंच आहे. तुम्ही सासू आहात, कधी हात लावून बघितलं होतं का?"

ती खाली बसली. मग तिचं रडू फुटलं. "मला का कळत नाय?" ती म्हणाली. "लय कळतंय. पण पोरीचं दोन ठिकाणी मोडलंय आधी. हे तिसरं. घरात रोग हाय म्हणत्याल. कोण करील तिला?"

तिची भीती खोटी नव्हती. माझ्या घरातसुद्धा मुलीला बघायला येतील तेव्हा मला आतल्या खोलीत बसवायचा विचार कुणाच्या तरी मनात येऊन गेला असणार. मी म्हटलं, "तुमची भीती मला समजते. पण मुलीच्या लग्नासाठी सून मारायची का?"

तेवढ्यात नणंद आली. हातांना मेंदी लागलेली, वीस-एकवीस वर्षांची. तिने कुणाकडे बघितलं नाही. वहिनीची पिशवी काढली, तिच्यात दोन कपडे आणि दवाखान्याची फाईल कोंबली आणि दारात जाऊन भावाला हाक मारली, "दादा, पिकअप काढ." तिचा भाऊ, म्हणजे त्या मुलीचा नवरा, इतका वेळ मांडवाचा बांबू धरून उभा होता. त्याने बांबू सोडला आणि गाडी काढली. मला वाटतं, कुणीतरी सांगेल याचीच तो वाट बघत होता.

"पाव्हण्यांना काय सांगू मी?" सासूने विचारलं.

"खरं सांगा," सुभेदार म्हणाले. "फक्त मान वर करून सांगा."

पिकअपच्या पुढच्या सीटवर नवरा, ती आणि मी. तिला आडवं होऊ द्यायचं नव्हतं, म्हणून मी तिला धरून बसले. सुभेदार सत्तरीत मागे, कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर. सिस्टरला वाटेतूनच फोन केला होता, मशीन तयार ठेवलं होतं. तिला आत घेतल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसले आणि तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून मी पाण्याचा घोट घेतलेला नाही. बाटली काढली आणि अर्धी एका दमात संपवली. सुभेदारांचा शर्ट मातीने माखला होता. ते तो झटकत बसले होते. "निदान पोती तरी नीट झाडायची," एवढंच म्हणाले.

ती वाचली. नणंदेचं ते स्थळ मोडलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, सासूने सांगितलं, त्यांनी चहा घेतला आणि निघून गेले. पंधरा दिवसांनी सासूचा मला फोन आला. बाई खूप बोलली. माझ्या पोरीचं वाटोळं केलंत, तुमचं काय गेलं, तुम्हाला काय अधिकार. मी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हटलं, "तुम्ही मला आणखी बोला, पण हिला सोमवारी पाठवा." तिने फोन आपटला. सोमवारी मुलगी आली. पिशवीत टेप नव्हती.

उन्हाळ्यात एका बुधवारी तिच्याबरोबर सासूच आली. चार तास बाहेर बसून राहिली. मी निघाले तशी उठून जवळ आली. माफी वगैरे मागितली नाही, मलाही ती नको होती. म्हणाली, "ते भाजी उकळायचं कसं सांगितलंय तुम्ही? हिला सांगता येत नाय नीट." आम्ही तिथेच बाकावर बसलो आणि मी तिला सगळं सांगितलं. बटाटा किती वेळ भिजवायचा, पाणी कितीदा बदलायचं, मीठ कुठे कमी करायचं.

सुभेदार त्या पावसाळ्यात गेले. हृदयविकाराचा झटका, सकाळी दाढी करताना. देवळालीला मी गेले तेव्हा अंगणात एकजण दुसऱ्याला सांगत होता, सुटले बिचारे, फार हाल होते. मी त्या माणसाजवळ गेले आणि म्हटलं, "हाल नव्हते. शेवटच्या दिवसापर्यंत ते स्वतःचे बूट स्वतः पॉलिश करत होते. सुटले म्हणू नका." तो गांगरला. सुभेदारांच्या पत्नी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरून आत नेलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या बेडवर दुसरा पेशंट आला. तसं होणारच होतं, तरी आत आल्याबरोबर मी त्या बेडखाली बूट शोधले.

सुभेदार गेले त्याला आता दीड वर्ष होईल. मी तीन दिवस कामाला जाते. माझे आकडे नेहमी चांगले येतात असं नाही. हिमोग्लोबिन पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात, कधी मशीनवर असताना ब्लडप्रेशर इतकं खाली जातं की छत फिरायला लागतं. मनही पडतं. तशा दिवशी मी सिस्टरला सरळ सांगते, आज मन बरं नाही, आणि ती दोन मिनिटं शेजारी बसते. आधी हे मी कुणाला सांगितलं नसतं. नवऱ्याशी मी अजूनही भांडते, तोही आता भांडतो. मला बरं वाटतं त्यामुळे. आजारी माणसाशी कोण भांडतं?

गेल्या महिन्यात चांदवडच्या नणंदेचं लग्न झालं. मुलगा सटाण्याकडचा. पहिल्याच भेटीत त्यांना सगळं सांगितलं होतं. लग्न मंगळवारी होतं. मी कामावर रजा टाकून, नवऱ्याला घेऊन गेले. आमच्या वॉर्डातली मुलगी नव्या साडीत इकडून तिकडे फिरत होती, दम लागला की मांडवातल्या खुर्चीवर बसायची, पुन्हा उठायची. पंगतीत माझ्या शेजारी तिची सासू वाढत होती. समोरून एका म्हाताऱ्या पाहुणीने तिला विचारलं, "सून बरी नसते म्हणं तुझी? ते रक्त बदलायचं काय तरी हाय म्हणं."

सासूने हातातलं भांडं खाली ठेवलं नाही. "हाय," ती म्हणाली. "मंग?"

पाहुणीने पुढचा घास घेतला. सासूने माझ्या पानात अर्धी जिलेबी वाढली, मोजून अर्धीच, आणि पुढे गेली.